जिनिंगच्या ऑफिसातल्या लिनक्स सर्व्हरला ४ टीबीची बाहेरची डिस्क: लाइन गेली की डिस्क हरवते

कोरडवाहू

नमस्कार मंडळी,

गावातल्या जिनिंगच्या ऑफिसात एक टॉवर सर्व्हर आहे. उबुंटू सर्व्हर २२.०४, आत २४० जीबीची एसएसडी. काट्यावरच्या पावत्यांचे फोटो, आवारातल्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग आणि हिशेबाच्या डेटाबेसचा रोजचा बॅकअप यासाठी ४ टीबीची साडेतीन इंची डिस्क आणली आहे. वेगळ्या अडॅप्टरवर चालते, यूएसबी ३ ची आहे. ती /एसआरव्ही/साठा इथे लावली आहे. सध्याची स्थिती अशी:

डिस्क एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टम) आहे, दुकानातून आली तशीच. /ईटीसी/एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे लावायची त्या यादीत) /डेव्ह/एसडीबी१ अशी ओळ आहे. लाइन जाऊन आली की कधी "इनपुट/आउटपुट एरर" येतो, कधी डिस्क नुसती वाचता येते, लिहिता येत नाही. सर्व्हर बंद करून चालू केला तर काही वेळा पडद्यावर "इमर्जन्सी मोड" येऊन थांबतो. आणि आतली एसएसडी ९६ टक्के भरलेली दाखवते, पण फोल्डर मोजत गेलं तर ४० जीबीच्या वर काही सापडत नाही.

सर्व्हर यूपीएसवर आहे. सीतादही (कापसाच्या पहिल्या वेचणीची पूजा) झाली की कापसाच्या गाड्यांची रांग लागेल, त्याआधी हे पक्कं करायचं आहे. डिस्कवर आता जे आहे त्याची दुसरी प्रत काढून ठेवली आहे, त्यामुळे फॉरमॅट करायला हरकत नाही.

वैनगंगा

कोरडवाहू भाऊ, दुखणी तीन आहेत आणि तिन्हींची कारणं वेगळी आहेत. कमांड इथे देवनागरीत लिहिते, पडद्यावर अर्थात रोमनमध्ये टाका. सगळ्या रूट म्हणून चालवायच्या.

आधी भरलेली एसएसडी. बाहेरची डिस्क माउंट (फोल्डरला जोडलेली) नसते तेव्हा /एसआरव्ही/साठा हे एसएसडीवरचं साधं फोल्डर असतं. रेकॉर्डिंगचा प्रोग्राम त्यात बिनबोभाट लिहीत राहतो. पुढे डिस्क माउंट झाली की ते सगळं तिच्याखाली झाकलं जातं. जागा मोजणारी डीयू कमांड मोजत नाही, यादी देणारी एलएस दाखवत नाही, जागा मात्र गेलेली असते. बघायला डिस्क काढावी लागत नाही:

एमकेडीआयआर /एमएनटी/मूळ
माउंट --बाइंड / /एमएनटी/मूळ
डीयू -एसएच /एमएनटी/मूळ/एसआरव्ही/साठा

तुमचे हरवलेले जीबी इथे सापडतील. जे हवं ते आरसिंकने (फाइली कॉपी करणाऱ्या कमांडने) दुसरीकडे घ्या, नीट आलं का ते तपासा आणि मगच पुसा. पुसताना मार्ग /एमएनटी/मूळपासूनच सुरू झाला पाहिजे, नाहीतर बाहेरच्या डिस्कवरचं जाईल. काम झालं की यूमाउंट /एमएनटी/मूळ.

आता इमर्जन्सी मोड. एफएसटॅबमधल्या ओळीत "नोफेल" नसेल तर ती डिस्क असल्याशिवाय मशीन सुरूच होऊ नये असा त्याचा अर्थ सिस्टमडी (मशीन सुरू होताना सेवा उभ्या करणारा प्रोग्राम) घेतो. ९० सेकंद वाट बघतो आणि थांबतो. अशा वेळी नेटवर्क वर आलेलं नसतं, एसएसएच (दुरून लॉगिन) चालत नाही, कोणीतरी मॉनिटर-कीबोर्ड घेऊन जाईपर्यंत सगळं ठप्प.

तिथे शेल मिळालं तर नॅनो /ईटीसी/एफएसटॅब करून त्या ओळीपुढे # टाका आणि रीबूट करा. डेबियनवर रूटचं खातं कुलूपबंद असेल तर शेलही मिळत नाही. मग सुरू होताना शिफ्ट दाबून धरा, यूईएफआय मशीन असेल तर एस्केप. ग्रबची (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामची) यादी आली की ई दाबा, "लिनक्स" या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी इनिट=/बिन/बॅश जोडा आणि कंट्रोल-एक्स. आत गेलात की माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू / करून एफएसटॅब सुधारा, सिंक, मग रीबूट -एफ.

इनपुट/आउटपुट एररचं कारण मात्र मला लिनक्समध्ये दिसत नाही. ते विजेकडचं असावं.

पऱ्हाटी

ताई बरोबर बोलल्या. कोरडवाहू भाऊ, सर्व्हर यूपीएसवर आहे हे समजलं. डिस्कचा अडॅप्टर कुठं खोचला आहे?

कोरडवाहू

अडॅप्टर भिंतीवरच्या बोर्डात आहे. यूपीएसमागची सॉकेटं सर्व्हर, मॉनिटर आणि राउटरनेच भरली.

पऱ्हाटी

मग तिथंच आहे सगळं. लाइन गेली की सर्व्हर चालू राहते आणि डिस्क मरते. कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) वाटते कोणी चालू कामात केबल उपटली. लाइन आली की डिस्क पुन्हा फिरते, पण जुनं नाव एसडीबी अजून अडकलेलं असते म्हणून ती एसडीसी होऊन येते. तुमचं माउंट मेलेल्या एसडीबीलाच धरून बसलेलं, म्हणून एरर.

मॉनिटर काढा यूपीएसवरून, सर्व्हरला रोज मॉनिटर लागत नाही. त्या जागी डिस्कचा अडॅप्टर. यूपीएसच्या मागं काही सॉकेटं नुसती सर्जपुरती असतात, बॅटरीवर नसतात. तिथं बारीक अक्षरात लिहिलेलं असते ते वाचूनच खोचा.

अडॅप्टरबद्दल अजून एक. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, आणि सगळ्यात जास्त करंट ती पहिल्यांदा प्लेट फिरवताना ओढते. म्हणून सोबत सहसा दीड-दोन अँपिअरचा अडॅप्टर येतो. राउटरचा १२ व्होल्ट १ अँपिअरचा अडॅप्टर तंतोतंत त्याच भोकात बसते. पिन बसली म्हणून लोक लावतात. डिस्क टक-टक करते, फिरायला जाते, थांबते, पुन्हा फिरायला जाते. लॅपटॉपचा १९ व्होल्टवाला चुकून बसला तर आतलं सर्किट जळते. दोन्ही अडॅप्टरवर मार्करनं लिहून ठेवा कोणता कशाचा.

अर्थिंगही बघून घ्या. आपली काळी माती उन्हाळ्यात फाटते, इलेक्ट्रोडपासून सुटते आणि अर्थिंग नावालाच राहते. मल्टिमीटर एसीवर ठेवून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मोजा. दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर आधी खड्ड्यात पाणी सोडा, तरी उतरलं नाही तर वायरमनला दाखवा. जिनिंगमध्ये मोठ्या मोटरी एकदम सुरू होतात तेव्हा मोजा, बंद असताना मोजून काही समजत नाही.

सातपुडा_रूट

वीज मार्गी लागली की फॉरमॅट. एनटीएफएस काढून टाका. ते लिनक्सवर चालतं, कर्नल ५.१५ पासून तर आतच ड्रायव्हर आहे, पण डिस्क अचानक सुटली की फाइल सिस्टमवर "अस्वच्छ" अशी खूण राहते. मग ती एकतर माउंट होत नाही किंवा फक्त वाचायला मिळते. पुरती दुरुस्ती विंडोजच्या चेकडिस्कने होते, म्हणजे दर वेळी डिस्क उचलून विंडोज मशीनकडे न्यायची. शिवाय कोणती फाइल कोणाची, कोणाला लिहिता येतं, हे लिनक्सच्या रीतीने सांभाळायला लिनक्सची फाइल सिस्टम एक्स्ट४च सोयीची. जी डिस्क कायम या सर्व्हरलाच राहणार आहे तिला एनटीएफएस ठेवण्याचं काहीच कारण नाही.

पहिलं पाऊल, डिस्क कोणती ते ओळखणं. एलएसबीएलके -ओ नेम,साइझ,मॉडेल,सीरियल,एफएसटाइप,माउंटपॉइंट असं चालवा आणि सीरियल नंबर डिस्कच्या पाठीवरच्या स्टिकरशी जुळवा. साइझवरून ओळखू नका. तुमची ४ टीबीची डिस्क तिथे ३.६टी दिसेल, त्यात काही बिघडलेलं नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, लिनक्स १०२४ च्या.

यूमाउंट करा आणि मग, डिस्क एसडीबी आहे असं धरून:

वाइपएफएस -ए /डेव्ह/एसडीबी
पार्टेड -एस /डेव्ह/एसडीबी एमकेलेबल जीपीटी एमकेपार्ट साठा एक्स्ट४ १एमआयबी १००%
एमकेएफएस.एक्स्ट४ -एल साठा -टी लार्जफाइल -एम १ /डेव्ह/एसडीबी१

यातला एल आणि टी कॅपिटल, एम लहान.

पार्टिशनची मांडणी जीपीटीच का, तर जुन्या एमबीआर पद्धतीत ५१२ बाइटच्या सेक्टरला २ टीबीच्या पुढचा पत्ताच लिहिता येत नाही. अर्धी डिस्क वाया जाईल. १एमआयबीपासून सुरुवात केली की ४०९६ बाइटच्या सेक्टरांशी मांडणी जुळते, नाहीतर लिहिण्याचा वेग पडतो.

"-एम १" साठी: एक्स्ट४ मुळात ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवतं. ४ टीबीवर ते २०० जीबी होतात. नुसत्या साठ्याच्या डिस्कवर एवढं राखायची गरज नाही, १ टक्का पुरे.

"-टी लार्जफाइल" जरा समजून घ्या. एरवी दर १६ केबीमागे एक आयनोड (एका फाइलच्या नोंदीची जागा) तयार होतो. ४ टीबीला साधारण २४ कोटी आयनोड, प्रत्येकी २५६ बाइट, म्हणजे ६० जीबीच्या आसपास जागा नुसत्या तक्त्यातच गेली. लार्जफाइलने दर १ एमबीमागे एक, म्हणजे सुमारे ३८ लाख. कॅमेऱ्याच्या फाइली मोठ्या असतात, त्यांना हे रग्गड. पावत्यांचे फोटो मात्र छोटे असतात. पुढच्या काही वर्षांत फाइलींची संख्या ३८ लाखांच्या वर जाईल असं वाटत असेल तर हा पर्याय गाळा. आयनोड संपले की जागा शिल्लक असूनही "जागा नाही" असा एरर येतो, आणि नंतर ते वाढवायचे तर डिस्क पुन्हा फॉरमॅट करावी लागते. किती वापरले ते डीएफ -आय दाखवतं.

लेबल रोमनमध्येच ठेवा. एक्स्ट४मध्ये लेबलाला १६ बाइट मिळतात आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, ३ बाइट खातं.

पहिल्यांदा माउंट केल्यावर काहीही चालू नसताना डिस्कचा दिवा लुकलुकत राहील. घाबरू नका, एक्स्ट४लेझीइनिट नावाचा कर्नलचा धागा मागे बसून आयनोडचे तक्ते भरत असतो.

भंडाऱ्याचा_टॅंक

एक्सएफएस (लिनक्सची दुसरी फाइल सिस्टम) का नाही? मोठ्या रेकॉर्डिंग फाइलींसाठी ते चांगलं आहे, आयनोड गरजेप्रमाणे तयार होतात, वरची सगळी आकडेमोड लागत नाही.

सातपुडा_रूट

चांगलंच आहे, सर्व्हरच्या आतल्या डिस्कवर मीही तेच सुचवेन. यूएसबीवर आणि विजेच्या या तऱ्हेत माझं मत एक्स्ट४कडे झुकतं. एक्सएफएस मोठं करता येतं, त्याच जागी लहान करता येत नाही. कल्पना अशी की उद्या या डिस्कवर दुसरं पार्टिशन काढावंसं वाटलं, तर एक्स्ट४ यूमाउंट करून रीसाइझ२एफएसने आक्रसता येतं. दुसरं म्हणजे अडचणीच्या वेळी ई२एफएससीके चालवणारा माणूस तालुक्यात सापडतो, एक्सएफएस_रिपेअरवाला सापडेलच असं नाही. गावच्या मशीनसाठी हे कारण मला मोठं वाटतं.

वैनगंगा

आता माउंट. ब्लॉकआयडी /डेव्ह/एसडीबी१ चालवून यूयूआयडी (फाइल सिस्टमचा ओळखक्रमांक, एसडीबीसारखा बदलत नाही) घ्या आणि एफएसटॅबमध्ये जुन्या ओळीच्या जागी ही एका रेषेत लिहा:

यूयूआयडी=इथे-तो-लांब-क्रमांक /एसआरव्ही/साठा एक्स्ट४ डिफॉल्ट्स,नोएटाइम,नोफेल,एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट=३०एस ० २

लिहिल्यावर लगेच रीबूट करू नका. फाइंडएमएनटी --व्हेरिफाय चालवा, ते ओळीतल्या चुका सांगतं. मग सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड, मग माउंट -ए. हे तिन्ही एरर न देता पार पडले की मगच रीबूट.

नोफेल घातल्यावर एक नवी गोष्ट उभी राहते आणि ती बहुतेक लोक सोडून देतात. आता मशीन डिस्कसाठी थांबणार नाही. म्हणजे डिस्क अजून जागी होतेय तोवर रेकॉर्डिंगची सेवा सुरू होईल आणि पुन्हा रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे एसएसडीवर, लिहायला लागेल. मशीन उठलं पाहिजे हे अर्धं काम. डिस्क नसताना तिच्या जागी काहीही लिहिलं जाता कामा नये, हे उरलेलं अर्धं. त्यासाठी दोन बंदोबस्त करा, दोन्ही करा.

पहिला: डिस्क यूमाउंट करा, रिकाम्या फोल्डरवर सीएचअॅटर +आय /एसआरव्ही/साठा चालवा, पुन्हा माउंट करा. माउंट झाल्यावर या खुणेचा काही अडथळा होत नाही, कारण ती खालच्या फोल्डरला आहे, डिस्कला नाही. डिस्क नसेल तेव्हा मात्र रूटलाही तिथे फाइल करता येत नाही, लगेच एरर येतो. तो एरर आपल्याला हवाच आहे. लॉगमध्ये दिसतो आणि एसएसडी वाचते.

दुसरा: सिस्टमसीटीएल एडिट करून रेकॉर्डिंगच्या सेवेत, [युनिट] खाली, ही ओळ घाला:

रिक्वायर्समाउंट्सफॉर=/एसआरव्ही/साठा

आता डिस्क माउंट झाल्याशिवाय ती सेवा सुरूच होणार नाही.

मालकी माउंट केल्यानंतर द्या, आधी नाही. नव्या एक्स्ट४चं मूळ फोल्डर रूटचं असतं, आणि माउंट करण्याआधी केलेलं सीएचओन खालच्या फोल्डरवर जातं. "परमिशन दिली तरी लिहिता येत नाही" याचं नेहमीचं कारण हेच.

मोहफूल

बॅकअपच्या स्क्रिप्टमध्येही तोच बंदोबस्त लागतो. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ही एक ओळ:

माउंटपॉइंट -क्यू /एसआरव्ही/साठा || एक्झिट १

आरसिंकला --डिलीट लावलं असेल तर हे जीवनमरणाचं आहे. साठ्यावरून तिसरीकडे प्रत घेत असाल आणि त्या रात्री साठा माउंट नसेल, तर आरसिंकला स्रोत रिकामा दिसतो आणि ते आज्ञाधारकपणे तिकडची सगळी प्रत पुसून टाकतं.

डेटाबेस स्वतः यूएसबी डिस्कवर हलवू नका. चालता डेटाबेस एसएसडीवर, त्याचा डंप (फाइलीत काढलेली प्रत) डिस्कवर. चालू लिहिण्यात डिस्क सुटली तर डंपाची एक फाइल अर्धी राहते. डेटाबेस तिथे असता तर सगळाच दुरुस्तीला गेला असता.

कोरडवाहू

खूप आभार. झाकलेल्या फाइली सापडल्या, १६० जीबीच्या वर होत्या. अडॅप्टर यूपीएसवर घेतला. फॉरमॅट, एफएसटॅब, सीएचअॅटर सगळं झालं. दोन गोष्टी राहिल्या. कॉपीचा वेग ३६-३८ एमबीच्या वर जात नाही. आणि डीमेसेजमध्ये मधूनच यूएएस_ईएच_अबॉर्ट_हँडलर असं येतं, त्यानंतर डिस्क रीसेट होते.

निळं_पोर्ट

वेगाचं आधी. एलएसयूएसबी -टी चालवा. डिस्कच्या ओळीच्या शेवटी ४८०एम दिसत असेल तर ती यूएसबी २ वर चालते आहे आणि तुम्ही म्हणता तेवढाच वेग मिळणार. ५०००एम दिसायला हवं. टॉवरच्या पुढच्या बाजूचं पोर्ट सोडा, मागच्या बाजूला थेट मदरबोर्डवरच्या निळ्या पोर्टात लावा. पुढच्या पोर्टाची आतली वायर बऱ्याचदा सैल किंवा कमी दर्जाची असते. केबल डिस्कसोबत आलेली आखूडच वापरा. टेबलाखालून फिरवायला म्हणून एक्स्टेन्शन जोडलं की यूएसबी ३ चा सिग्नल पडतो, डिस्क मुकाट्याने यूएसबी २ वर उतरते किंवा रीसेट होत राहते.

पोर्ट आणि केबल बदलूनही यूएएसचे (यूएसबी डिस्कच्या वेगवान ड्रायव्हरचे) एरर राहिले तर दोष डिस्कच्या डब्यातल्या ब्रिज चिपकडे (यूएसबी आणि डिस्क जोडणाऱ्या चिपकडे) जातो. काही चिपांचं यूएएस ड्रायव्हरशी पटत नाही. त्या एका डिस्कपुरतं यूएएस बंद करता येतं. एलएसयूएसबीमध्ये डिस्कची आयडी बघा, चार अक्षरं, विसर्गासारखे दोन टिंब, पुन्हा चार अक्षरं. मग /ईटीसी/मॉडप्रोब.डी/ मध्ये .कॉन्फ शेवट असलेली एक फाइल करून त्यात:

ऑप्शन्स यूएसबी-स्टोरेज क्विर्क्स=आयडी:यू

मग अपडेट-इनिटरॅमएफएस -यू आणि रीबूट. एलएसयूएसबी -टी मध्ये आता ड्रायव्हर यूएएसऐवजी यूएसबी-स्टोरेज दिसला पाहिजे. वेग थोडा कमी होईल, डिस्क टिकून राहील. कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगला तेवढा वेग पुरतो.

एरर आल्यावर फाइल सिस्टम रीड-ओन्ली झाली असेल तर नुसतं रीमाउंट,आरडब्ल्यू करून पुढे जाऊ नका. एक्स्ट४ने जखम वाढू नये म्हणून लिहिणं थांबवलेलं असतं. सेवा थांबवा, यूमाउंट करा, ई२एफएससीके -एफ चालवा, मग माउंट. लाइन जाऊन डिस्क एसडीसी झाली असेल आणि जुनं माउंट लटकत असेल तर सेवा थांबवून यूमाउंट -एल, तपासणी, मग माउंट -ए. डिस्क परत आली म्हणून आपोआप माउंट होईल असं धरून चालू नका.

खारपाण

उन्हाळ्याचा विचार आताच करून ठेवा. अकोला, वर्धा, चंद्रपूर, ब्रह्मपुरी, मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. बंद प्लॅस्टिकच्या डब्यातली डिस्क खोलीपेक्षा दहा-पंधरा अंश सहज जास्त तापते, आणि बहुतेक हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात चालू तापमानाची मर्यादा ६० च्या आसपास असते. गणित तिथेच संपतं.

डिस्कची तब्येत बघायला ही कमांड: स्मार्टसीटीएल -डी सॅट -ए /डेव्ह/एसडीबी. "-डी सॅट" लिहिल्याशिवाय बऱ्याच यूएसबी डब्यांमधून काही वाचता येत नाही. १९४ क्रमांकाच्या ओळीत तापमान. ५, १९७ आणि १९८ या ओळींतले शेवटचे आकडे शून्य असावेत. १९७ वाढायला लागला की त्या डिस्कवर भरवसा ठेवू नका, तेवढ्यात दुसरी मागवा. १९९ वाढला तर तो डब्याच्या आतल्या साटा जोडणीचा दोष असतो, यूएसबी केबलचे एरर तिथे मोजले जात नाहीत. सतत लक्ष राहावं म्हणून /ईटीसी/स्मार्टडी.कॉन्फमध्ये:

/डेव्ह/डिस्क/बाय-आयडी/डिस्कचं-नाव -डी सॅट -ए -डब्ल्यू ४,५०,५५ -एम रूट

डब्ल्यू कॅपिटल. ५० ला लॉगमध्ये नोंद, ५५ ला इशारा. एसडीबी लिहू नका, नाव बदलतं.

डिस्क आडवी ठेवलीत तर खाली दोन लाकडी पट्ट्या द्या, हवा फिरते. जिनिंगमध्ये रुईचे तंतू सगळीकडे उडतात आणि डब्याच्या जाळीवर नमद्यासारखा थर बसतो. मशीन बंद करून मऊ ब्रशने झाडा. फुंकर मारू नका, तंतू आत जातात.

कूलरच्या झोतात सर्व्हर किंवा डिस्क अजिबात नको. हवा थंड लागते खरी, पण तिच्यासोबत बारीक तुषार येतात, आणि आमच्या खारपाणपट्ट्यात त्या पाण्यात क्षार असतात. कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर चढतो तोच सर्किटवर आणि यूएसबीच्या पिनांवर चढतो. कूलर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, समोरची खिडकी उघडी, आणि सर्व्हर झोताच्या बाजूला.

पऱ्हाटी

यूपीएसला यूएसबी केबल असेल तर एनयूटी (यूपीएसवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम) पण लावून घ्या. एपीटी इन्स्टॉल एनयूटी, ड्रायव्हर बहुतेक यूएसबीएचआयडी-यूपीएस. बॅटरी खाली आली की सर्व्हर स्वतःहून नीट बंद होते, साठा यूमाउंट होऊन. नाहीतर लाइन तासनतास नसली की यूपीएस शेवटी दोन्ही एकदम सोडते. बायोसमध्ये वीज परतल्यावर काय करायचं ते "पॉवर ऑन" ठेवा, म्हणजे रात्री लाइन आली तर कोणाला कुलूप उघडून बटन दाबायला जावं लागत नाही.

मेळघाट_क्लाउड

धाग्याच्या शीर्षकाला थोडं सोडून, पण ज्यांचा सर्व्हर अॅमेझॉनच्या क्लाउडवर मुंबई विभागात आहे त्यांच्यासाठी. ईबीएस व्हॉल्यूम (अॅमेझॉनची क्लाउडवरची डिस्क) जोडण्याची तऱ्हा हीच, फरक थोडेच. व्हॉल्यूम आणि सर्व्हर एकाच उपलब्धता क्षेत्रात हवेत. सर्व्हर एपी-साउथ-१ए मध्ये आणि व्हॉल्यूम १बी मध्ये केलात तर जोडताच येत नाही. जोडताना /डेव्ह/एसडीएफ असं नाव दिलंत तरी नव्या मशीनवर ते /डेव्ह/एनव्हीएमई१एन१ म्हणून येतं. दोन व्हॉल्यूम असतील तर रीबूटनंतर क्रम बदलू शकतो, म्हणून इथेही यूयूआयडी.

फॉरमॅट करण्याआधी फाइल -एस /डेव्ह/एनव्हीएमई१एन१ चालवा. उत्तरात नुसतं "डेटा" आलं तर रिकामं. फाइल सिस्टमचं नाव आलं तर त्यावर काहीतरी आहे, एमकेएफएस चालवू नका. व्हॉल्यूम मोठं केल्यावर पार्टिशन असेल तर ग्रोपार्ट /डेव्ह/एनव्हीएमई१एन१ १, शेवटच्या १ च्या आधी जागा सोडून. मग एक्स्ट४ला रीसाइझ२एफएस आणि पार्टिशनचं नाव, एक्सएफएसला एक्सएफएस_ग्रोएफएस आणि माउंटचा मार्ग. व्हॉल्यूम परत लहान करता येत नाही, म्हणून लागेल तसं वाढवत जा.

स्नॅपशॉटवरून केलेलं एक्सएफएस व्हॉल्यूम त्याच सर्व्हरला जोडलं तर माउंट नाकारलं जातं, कारण दोघांचा यूयूआयडी एकच. तात्पुरतं बघायला -ओ नोयूयूआयडी.

भंडाऱ्याचा_टॅंक

यातच आयस्कझीचं (नेटवर्कवरून डिस्क जोडण्याच्या पद्धतीचं) जोडतो, कारण कोणीतरी विचारणारच. नासवरचा (नेटवर्कवरच्या साठवणीच्या डब्यावरचा) आयस्कझी भाग लिनक्सला लावायचा तर ओपन-आयस्कझी, पोर्ट ३२६०, आणि एफएसटॅबमध्ये "_नेटडेव्ह" घाला, नाहीतर नेटवर्क येण्याआधीच माउंटची धडपड होते. पण तोच भाग दोन सर्व्हरांवर एकाच वेळी एक्स्ट४ किंवा एक्सएफएस म्हणून माउंट करू नका. प्रत्येक सर्व्हर स्वतःलाच मालक समजून लिहितो आणि काही तासांत फाइल सिस्टमचा चुराडा होतो. दोघांना एकच फोल्डर हवं असेल तर एका सर्व्हरवर माउंट करा आणि दुसऱ्याला एनएफएसने (नेटवर्कवरून फोल्डर वाटण्याच्या पद्धतीने) द्या.

कोरडवाहू

मागच्या निळ्या पोर्टात आखूड केबलने लावली, आता ५०००एम दाखवते आणि कॉपी १४० एमबीच्या आसपास चालते. यूएएसचा एरर त्यानंतर आला नाही, म्हणून क्विर्क्स घातलं नाही. मेन स्विच पाडून बघितला: सर्व्हर आणि डिस्क दोन्ही चालू राहिले. मग डिस्कची केबल काढून सर्व्हर रीबूट केला: मशीन उठलं, एसएसएच चाललं, रेकॉर्डिंगची सेवा "डिपेंडन्सी फेल्ड" सांगून थांबली, एसएसडीवर काही लिहिलं गेलं नाही.

शेवटचं विचारतो. डेटाबेसच्या डंपासाठी २ टीबीच्या दोन छोट्या डिस्क आहेत. एक जोडलेली, दुसरी घरी, आणि दर बाजाराच्या दिवशी अदलाबदल करायची आहे. दोघींचे यूयूआयडी वेगळे, मग एफएसटॅबमध्ये काय लिहू?

सातपुडा_रूट

इथे यूयूआयडी नको, लेबल वापरा. दोन्ही डिस्कना ई२लेबलने एकच नाव द्या, समजा "राखीव", अर्थात रोमनमध्ये. ओळ अशी:

लेबल=राखीव /एसआरव्ही/राखीव एक्स्ट४ डिफॉल्ट्स,नोएटाइम,नोऑटो ० ०

नोऑटो असल्यामुळे सुरू होताना तिचा प्रश्नच येत नाही. डंपाची स्क्रिप्ट स्वतः माउंट करेल, लिहील, सिंक करेल, यूमाउंट करेल. म्हणजे दिवसभर डिस्क जोडलेली असली तरी माउंट नसते आणि लाइनच्या झटक्याने तिच्यावरचं काही बिघडायची शक्यता फार कमी होते. /एसआरव्ही/राखीव या फोल्डरलाही सीएचअॅटर +आय लावा.

दोन्ही एकदम जोडू नका, एकाच लेबलच्या दोन असल्या तर कोणती माउंट होईल ते सांगता येत नाही. बाहेरून ओळखायला प्रत्येकीवर सीरियलचे शेवटचे चार आकडे चिकटवा आणि स्क्रिप्टला लॉगमध्ये एलएसबीएलकेचा सीरियल लिहायला लावा, म्हणजे कोणत्या दिवशीचा डंप कोणत्या डिस्कवर ते सापडतं.

काढताना यूमाउंट झालं तरी लगेच उपटू नका. यूडिस्कसीटीएल पॉवर-ऑफ -बी /डेव्ह/एसडीसी चालवा, डिस्क फिरायची थांबते, हात लावला तर थरथर जाणवत नाही. मग केबल काढा. यूमाउंट "टार्गेट इज बिझी" म्हणालं तर फ्यूजर -व्हीएम /एसआरव्ही/राखीव कोण धरून बसलंय ते दाखवतं. बहुतेक वेळा कोणाचं तरी शेल त्या फोल्डरमध्ये उभं असतं, तिथून सीडी / केलं की सुटतं.